चेहऱ्याचें मोल

इतिहास म्हटला कीं किल्ले, तह आणि तलवारी यांचीच आठवण व्हावी, ही संवय आम्हां उदगीरकरांस लहानपणापासूनच जडलेली असते. गांवांत किल्ला उभा. १७६० च्या आरंभीं सदाशिवरावभाऊंनीं याच परिसरांत निजामाच्या सैन्यास नमविलें, हें शाळेंत शिकलेलें. आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाचें राज्य संपलें, हें घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलें. अशा गांवीं बसून साबणाच्या जाहिरातींतील एका मुलीचा इतिहास लिहावयास घेतला, तर कित्येक वाचकांस तो कागदाचा अपव्यय वाटेल. परंतु ज्या वस्तु रोज डोळ्यांसमोर असतात, त्यांचाच इतिहास लिहावयाचा राहून जातो, असा आमचा अनुभव आहे. लढाया वर्षांतून एकदां आठवतात; जाहिरातींतील चेहरा दिवसांतून दहा वेळां दिसतो. तो कोणाचा, तो तेथें कसा आला, आणि तो देणाऱ्या मुलीच्या पदरीं अखेर काय पडलें, हें विचारणें आम्हांस अवश्य वाटतें.

जिच्याविषयीं लिहावयाचें ती पर्सिस खंबाटा मुंबईंत, एका पारशी कुटुंबांत, २ ऑक्टोबर १९४८ रोजीं जन्मली. म्हणजे निजामाच्या शरणागतीनंतर बरोबर पंधरा दिवसांनीं. त्या वेळीं उदगीर हैदराबाद संस्थानाच्या बिदर जिल्ह्यांत होतें, आणि मुंबई हें आमच्या लेखीं दुसऱ्या मुलखांतलें शहर होतें. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना होऊन आमचा तालुका मुंबई राज्यांत आला. १९६० सालीं महाराष्ट्र झाला आणि मुंबई आमची राजधानी झाली. पर्सिस त्या वर्षीं बारा वर्षांची झाली. ती दोन वर्षांची असतांनाच वडील घर सोडून गेले होते. बाप नसलेल्या घरांतील मुलीस लवकर शहाणें व्हावें लागतें. पर्सिसला तर शहाणपणाबरोबर मिळकतीचा मार्गहि लवकर दिसला.

माल खपविण्यासाठीं स्त्रीचा चेहरा पुढें करण्याची चाल कांहीं तेव्हां नवी निघालेली नव्हे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला व पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस हलविला. तेथें छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरच्या देव्हाऱ्यांत गेल्या. त्याच धर्तीचीं चित्रें दिनदर्शिकांवर आणि मालाच्या वेष्टनांवरहि गेलीं. चित्रांतला चेहरा देवीचा म्हणून पुजिला गेला. चित्रकारासमोर तासन्‌तास बसणाऱ्या बाईचें नांव पुसण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. यानंतरची पायरी १९४१ सालची. त्या वर्षीं लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातींत दिसल्या, आणि हिंदी चित्रपटांतील नट्यांपैकीं तो मान प्रथम त्यांस मिळाला. लीलाबाई पदवीधर, रंगभूमि आणि बोलपट या दोन्ही ठिकाणीं नांव मिळविलेल्या, मुलांबाळांच्या आई. त्यांच्या चेहऱ्यामागें एक कर्तृत्व आधींच उभें होतें. साबणवाला त्यांची कीर्ति उसनी घेत होता आणि त्या उसनवारीचे पैसे देत होता. हा व्यवहार दोन सज्ञान पक्षांमधला होता.

पुढच्या वीस वर्षांत याच व्यवहारास एक निराळा फांटा फुटला. कीर्तिमान नटीबरोबरच जाहिरातदारास आतां कोरा चेहराहि हवा झाला. ज्यास अद्याप नांव नाहीं, ज्याची कोणतीहि कथा नाहीं, आणि म्हणून ज्यावर हवी ती कथा लिहितां येते, असा कोवळा चेहरा. याचीं कारणें त्या काळच्या मुंबईच्या व्यापारांत सांपडतात. लिव्हर कंपनीच्या जाहिरातींसाठीं लिंटास ही संस्था १९३९ पासून येथें काम करीत होती. इतरहि देशी-विदेशी जाहिरातसंस्था मुंबईंत स्थिरावल्या होत्या. १९५९ सालीं टाइम्स समूहानें स्त्रियांसाठीं 'फेमिना' हें पाक्षिक काढलें. विविध भारतीवर जाहिराती १९६७ पर्यंत नव्हत्या, आणि दूरदर्शनवर त्या १९७६ सालीं आल्या. त्यापूर्वीं जाहिरातीचा सारा भार छापील पानावर, भिंतीवरच्या चित्रावर आणि चित्रपटगृहाच्या पडद्यावर होता. छापील पानाला आवाज नसतो. त्याला चेहराच लागतो.

पर्सिस तेरा वर्षांची असतां मुंबईच्या एका नामांकित छायाचित्रकारानें तिचीं सहज म्हणून कांहीं छायाचित्रें घेतलीं, आणि तीं रेक्सोना साबणाच्या जाहिरातींसाठीं वापरण्यांत आलीं. येथून तिच्या उत्कर्षास आरंभ झाला. या ठिकाणीं वाचकांनीं क्षणभर थांबून एका गोष्टीचा विचार करावा. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याहि कारखान्यांत काम देण्यास बंदी केली होती. म्हणजे पर्सिस ज्या वर्षीं जन्मली, त्याच वर्षीं कायद्यानें ठरविलें कीं, तेरा वर्षांच्या मुलीच्या हातांनीं साबणाची वडी कागदांत गुंडाळून घेतां येणार नाहीं. मात्र त्याच कागदावर तिचें तोंड छापावयास कायद्याची आडकाठी नव्हती. हातांचे श्रम हे श्रम, आणि चेहऱ्याचे श्रम ही मौज, अशी आपल्या समाजाची समजूत होती. ती अद्याप पुरती गेलेली नाहीं.

वास्तविक पाहतां चेहऱ्याचे श्रम हातांच्या श्रमांहून एका बाबतींत अधिक कठीण असतात. मजूर संध्याकाळीं हात धुतो आणि घरीं जातो. त्या हातांनीं केलेल्या वस्तूवर त्याचें तोंड चिकटलेलें नसतें. छायाचित्र देणारी मुलगी घरीं गेली तरी तिचें चित्र दुकानांत उभें राहून काम करीतच राहतें. ती रस्त्यानें चालली कीं लोक तिच्याकडे नव्हे, त्या चित्राकडे पाहतात, आणि ती चित्रासारखी आहे कीं नाहीं याचा हिशेब करतात. तेराव्या वर्षीं मनुष्य स्वतःस ओळखूं लागण्याच्या उंबरठ्यावर असतो. त्या उंबरठ्यावरच जगानें आरसा हिसकावून घेऊन त्याच्या जागीं जाहिरात टांगली, तर पुढच्या आयुष्यांत स्वतःचें रूप कोणतें आणि विकलेलें रूप कोणतें, हें निवडणें अवघड जातें.

१९६४ सालीं 'फेमिना'नें सौंदर्यस्पर्धा सुरू केली आणि १९६५ सालचा मुकुट पर्सिसला मिळाला. त्याच वर्षीं जुलैमध्यें अमेरिकेंतील मायामी बीच येथें झालेल्या विश्वसुंदरी स्पर्धेस ती भारतातर्फे गेली. तेव्हां तिला सोळावें वर्ष पुरें होऊन नऊ महिने झाले होते. आज अशा स्पर्धेस जाणाऱ्या मुलीबरोबर शिंपी, केशरचनाकार आणि शिक्षक यांची पलटण असते. पर्सिस मात्र ऐन वेळीं दुकानांतून तयार कपडे विकत घेऊन उभी राहिली. तेथें मुकुट थायलंडच्या आप्सरा होंगसाकुला यांस मिळाला. पर्सिस परत आली ती एक यशस्वी मॉडेल म्हणून. रेव्हलॉनचीं प्रसाधनें, एअर इंडियाचा प्रवास, गार्डन वरेलीच्या साड्या, अशा अनेक वस्तूंशीं तिचा चेहरा जोडला गेला. ज्या वयांत मुलींस मॅट्रिकच्या गुणांची चिंता असते, त्या वयांत ती देशाची प्रतिनिधि झाली होती.

येथें दोन समकालीन उदाहरणें शेजारीं ठेवून पाहिलीं तर पर्सिसचें एकाकीपण अधिक स्पष्ट होतें. पहिलें नूतन यांचें. शोभना समर्थ यांची ही कन्या १९५० सालीं, चौदाव्या वर्षीं, आईनेंच काढलेल्या 'हमारी बेटी' या चित्रपटांत पडद्यावर आली आणि १९५२ सालीं मसुरी येथें 'मिस इंडिया' ठरली. १९५१ च्या 'नगीना' या चित्रपटास केवळ प्रौढांसाठीं असें प्रमाणपत्र मिळालें होतें, आणि नायिका स्वतःच अल्पवयीन म्हणून तिला त्याच्या खेळास प्रवेश मिळाला नाहीं, अशी कथा सांगतात. अल्पवयीन मुलीची प्रतिमा प्रौढांनीं पाहावी, पण तिनें स्वतः पाहूं नये, या एका प्रसंगांत आमच्या विषयाचें सारें सार आलें आहे. तथापि नूतनच्या पाठीशीं कलावंतांचें घराणें होतें. तिला कांहीं काळ स्वित्झर्लंडच्या शाळेंत धाडण्यांत आलें. परत आल्यावर १९५५ च्या 'सीमा'नें तिचें अभिनयगुण सिद्ध केले, आणि चेहऱ्यामागें कला उभी राहिली.

दुसरें उदाहरण रीटा फारिया यांचें. मूळच्या गोव्याच्या कुटुंबांतल्या, मुंबईंत वाढलेल्या आणि ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकणाऱ्या या विद्यार्थिनीनें १९६६ सालीं लंडन येथें जगत्सुंदरीचा मुकुट जिंकला. आशिया खंडांतील स्त्रीस तो मान प्रथमच मिळत होता. वर्षभर त्या मानाच्या जबाबदाऱ्या पार पाडून त्यांनीं प्रसिद्धीच्या जगास रामराम ठोकला आणि लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलांत वैद्यकाचें शिक्षण पुरें करून त्या डॉक्टर झाल्या. त्या वेळीं त्यांचें वय तेवीस होतें, आणि परतण्यासाठीं त्यांस एक दार उघडें होतें. नूतन यांस कलेचें दार होतें, रीटाबाईंस विद्येचें. पर्सिसला चेहऱ्याचेंच दार मिळालें होतें. त्यांतूनच तिला पुढचीं सारीं दारें ठोठवावीं लागलीं.

तीं दारें त्यांनीं ठोठावलीं, आणि तेंहि नेटानें. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'बंबई रात की बाहों में' या १९६७ च्या चित्रपटांत पर्सिसबाईंनीं रात्रीच्या क्लबांत गाणाऱ्या युवतीची भूमिका केली. हिंदी चित्रपटसृष्टींत त्यांचें बस्तान बसलें नाहीं. तेव्हां त्या परदेशीं गेल्या. १९७५ सालीं 'कंडक्ट अनबिकमिंग' आणि 'द विल्बी कॉन्स्पिरसी' या दोन इंग्रजी चित्रपटांत त्यांस कामें मिळालीं. दुसऱ्यांत सिडनी पॉटिए आणि मायकेल केन यांच्यासारखे नट होते. मुंबईहून गेलेल्या एकट्या स्त्रीनें, कोणाचा वशिला नसतां, तेथवर मजल मारणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

१९७९ च्या डिसेंबरांत रॉबर्ट वाइज यांनीं दिग्दर्शित केलेला 'स्टार ट्रेक: द मोशन पिक्चर' प्रदर्शित झाला. अंतराळप्रवासाच्या या कथामालेचा अमेरिकेंत मोठा चाहतावर्ग होता. तींतील इलिया ही दूरच्या ग्रहावरील अधिकारी स्त्री पर्सिसबाईंनीं रंगविली. त्या ग्रहावरील स्त्रियांच्या डोक्यावर केस नसतात अशी कथेंतली कल्पना. म्हणून त्यांनीं डोक्यावरचे केस संपूर्ण काढून टाकिले, आणि चित्रण चालू असेपर्यंत तें डोकें वरचेवर वस्तऱ्यानें तासावें लागलें. केशसंभारावर जिची जीविका, तिनें तो आपण होऊन उतरवावा, ही घटना आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. आपल्याकडे स्त्रीच्या केशवपनाचा इतिहास दुःखाचा आहे. तें तिच्यावर लादलें जाई, आणि त्याविरुद्ध आपल्या सुधारकांस लढावें लागलें. १८९० सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं विधवांचें वपन करण्याचें नाकारलें, हें महाराष्ट्रानें विसरूं नये. पर्सिसबाईंचें वपन सक्तीचें नव्हतें. भूमिका हवी तर केस द्यावे लागतील, हा सौदा त्यांनीं उघड्या डोळ्यांनीं केला. तेराव्या वर्षीं त्यांच्या चेहऱ्याचा उपयोग इतरांनीं ठरविला होता. तिसाव्या वर्षाच्या सुमारास त्या चेहऱ्याचें काय करावयाचें हें त्यांनीं स्वतः ठरविलें. अलंकार गळून पडले, आणि तरीहि तो चेहरा पाहण्यासारखा राहिला. जाहिरातीनें जें कधीं दाखविलें नव्हतें, तें त्या उघड्या मस्तकानें दाखविलें.

१९८० सालच्या ऑस्कर समारंभांत पारितोषिक देण्यासाठीं त्यांस व्यासपीठावर बोलाविण्यांत आलें. हा मान मिळालेल्या त्या पहिल्याच भारतीय नागरिक. शिखर गांठलें तें हें. त्याच वर्षीं जर्मनींत मोटारीच्या भीषण अपघातांत त्यांस गंभीर दुखापत झाली आणि डोक्यावर मोठा व्रण राहिला. १९८१ चा 'नाइटहॉक्स', १९८२ चा 'मेगाफोर्स' असे कांहीं चित्रपट झाले, परंतु त्यांनीं नवी उंची गांठली नाहीं. १९८१ सालीं केलेला विवाह थोड्याच काळांत मोडला. १९८३ सालीं, वयाची पस्तिशीहि उलटली नसतां, हृदयावर बायपासची शस्त्रक्रिया करावी लागली. १९८५ च्या सुमारास त्या मुंबईस परतल्या. चेहरा अद्याप ओळखीचा होता. त्याला मागणी मात्र राहिली नव्हती. या धंद्याचा हाच नियम आहे. कारागिराचा हात वयाबरोबर मुरतो आणि त्याचें मोल वाढतें; मॉडेलच्या चेहऱ्याचें मोल पहिल्या दिवशीं सर्वांत अधिक, आणि त्यानंतर तें उतरतच जातें. इतर व्यवसायांत ज्याला अनुभव म्हणतात, त्याला या व्यवसायांत वय म्हणतात.

१९९४ सालीं सुष्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनीं एकाच वर्षीं विश्वसुंदरी व जगत्सुंदरी हे किताब मिळविले, आणि सौंदर्यस्पर्धांचें वेड शहरांतून तालुक्यांपर्यंत पसरलें. त्या गडबडींत पर्सिसबाईंनीं जें काम केलें, तें आमच्या मतें त्यांच्या चित्रपटांहूनहि मोलाचें होय. १९९७ सालीं त्यांनीं 'प्राइड ऑफ इंडिया' हा ग्रंथ सिद्ध केला. आपल्यापूर्वीं आणि आपल्यानंतर ज्यांनीं भारतसुंदरीचा किताब मिळविला, अशा अनेक स्त्रिया त्यांत एकत्र आल्या. ग्रंथ मदर तेरेसा यांस अर्पण केला होता, आणि त्याच्या मिळकतीचा वाटा त्यांच्या मिशनरीज ऑफ चॅरिटी या संस्थेस दिला. जन्मभर जिचीं चित्रें दुसऱ्यांनीं काढलीं आणि दुसऱ्यांनीं छापलीं, तिनें अखेरीस स्वतः संग्राहकाच्या आसनावर बसून आपल्या भगिनींचा इतिहास मांडला. पुढच्याच वर्षीं, १८ ऑगस्ट १९९८ रोजीं, हृदयविकाराच्या झटक्यानें मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. पन्नाशी पुरी होण्यास दीड महिना अवकाश होता.

यावर कोणी म्हणेल कीं, हळहळण्यासारखें यांत काय आहे? त्यांस कीर्ति मिळाली, जग पाहावयास मिळालें. अपघात आणि आजार तर कोणासहि चुकलेले नाहींत. आक्षेप अगदींच निराधार नाहीं. पर्सिसबाईंनीं स्वतःकडे बिचारी म्हणून पाहिलें असतें तर त्या मायामीसहि गेल्या नसत्या आणि हॉलिवुडासहि. त्यांच्या अपघाताचा किंवा हृदयविकाराचा दोष जाहिरातीवर ठेवणें हाहि न्याय होणार नाहीं. दुसऱ्या बाजूनें कोणी नाक मुरडून म्हणेल कीं, कुलीन घरच्या मुलींनीं या मार्गास जाऊंच नये. हा आक्षेप आम्हांस मुळींच मान्य नाहीं. मुलीच्या चारित्र्याची चौकशी करणारे लोक तिच्या मजुरीची चौकशी कधींच करीत नाहींत. आमचा प्रश्न वेगळा आहे. तेरा वर्षांच्या मुलीकडून समाजानें एक वस्तु घेतली. तिचा मोबदला कोणीं ठरविला, तो कोणाच्या हातीं पडला, आणि ती वस्तु परत मागण्याचा अधिकार तिला कधीं होता काय?

या प्रश्नाचें उत्तर देण्यास कायद्यास फार वर्षें लागलीं. बालमजुरीचा कायदा २०१६ सालीं सुधारला आणि २०१७ सालीं त्याचे नियम झाले. त्यांत जाहिराती व चित्रपट यांत काम करणाऱ्या चौदा वर्षांखालील मुलांचा विचार आला. जिल्हाधिकाऱ्याची परवानगी हवी. दिवसांत पांच तासांहून अधिक, आणि विश्रांतीवांचून तीन तासांहून अधिक काम घेतां कामा नये. मिळकतीचा किमान पंचमांश मुलाच्या नांवें राष्ट्रीयीकृत बँकेंत मुदतठेव म्हणून ठेवावा. रेक्सोनाच्या जाहिरातींतील पर्सिसला हें छत्र मिळालें असतें. मायामीस गेलेल्या पर्सिसला तें मिळालें नसतें. कारण चौदावें वर्ष सरलें कीं ठेवीचा हा नियम सरतो, आणि या धंद्याची खरी मागणी तर तेथूनच सुरू होते.

उदगीरसारख्या गांवीं मॉडेल कोठून येणार, असें वाचकांस वाटत असेल, तर त्यांनीं वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या निकालानंतर आपल्याच चौकांत जाऊन पाहावें. 'लातूर पॅटर्न'चा लौकिक झाल्यापासून आपल्या भागांत शिकवणीवर्गांचे बॅनर निकालाच्या दुसऱ्या दिवशीं झळकतात, आणि त्यांवर सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींचे चेहरे ओळीनें छापलेले असतात. चेहऱ्याखालीं गुण, गुणांखालीं वर्गाचें नांव. या मुलींस कोणी मॉडेल म्हणत नाहीं. उलट आईबापांस त्यांत धन्यता वाटते, आणि ती वाटणें स्वाभाविकहि आहे. परंतु माल विकण्यासाठीं कोवळा चेहरा वापरणें याहून जाहिरात म्हणजे निराळें तें काय? तिला त्याचा मोबदला नाहीं. पुढच्या वर्षीं नवा चेहरा मिळाला कीं तिचा बॅनर उतरतो. आणि वैद्यकाच्या पहिल्या वर्षीं ती अडखळली, तर चौकांतल्या त्या हंसऱ्या चित्राशीं तिची तुलना करणारे शेजारी गल्लींत असतातच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें नोव्हेंबर २०२४ मध्यें नियम केला कीं, विद्यार्थ्याचें नांव वा छायाचित्र त्याच्या लेखी संमतीवांचून जाहिरातींत वापरूं नये, आणि ती संमति त्याला यश मिळाल्यानंतरच घ्यावी. नियम चांगला आहे. तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहणारे डोळे मात्र घरांतच असावे लागतात.

जाहिरात बंद करा असें म्हणणें व्यर्थ आहे, आणि रूपाचा आनंद मानूं नये असें म्हणणें अरसिकपणाचें आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या घरांतील मुलीचा चेहरा उद्यां कोणी मागावयास येईल, मग तो साबणासाठीं असो, साडीसाठीं असो, कीं शिकवणीच्या फलकासाठीं, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न बाजूस ठेवावा आणि तीन साधे प्रश्न विचारावे. पैसे कोणाच्या नांवें जमा होणार? चित्र केव्हां उतरणार? आणि तें उतरल्यावर आमच्या मुलीच्या हातीं दुसरें काय असणार? पर्सिस खंबाटा यांस या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर स्वतः शोधावें लागलें, आणि तें एका ग्रंथाच्या रूपानें त्यांस सांपडलें तेव्हां आयुष्याचें एकच वर्ष उरलें होतें. आपल्या मुलींस तें सोळाव्या वर्षींच हातीं देणें आपल्यास अशक्य नाहीं.